कॅबिनेटचे पंखे आणि मदरबोर्डचे हेडर : वाचकांचे प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की या सदराकडे कॅबिनेटच्या पंख्यांबद्दलची पत्रं वाढतात. त्यांतली काही या वेळी एकत्र घेतली आहेत. हेडर म्हणजे मदरबोर्डवरच्या ज्या पिनांना पंख्याची वायर लावतात त्या. पत्रं लांबलचक होती, म्हणून प्रश्न कापून छोटे केले आहेत.

प्रश्न (सांगली) : बोर्डावर कॅबिनेटच्या पंख्यांसाठी दोनच हेडर आहेत आणि मला १२० मिमीचे पाच पंखे बसवायचे आहेत. वाय-स्प्लिटर (एका हेडरवर अनेक पंखे जोडणाऱ्या वायरी) लावले तर बोर्ड जळेल का? एका हेडरवर जास्तीत जास्त किती पंखे चालतात?

उत्तर : पंखे मोजून काही कळत नाही, अँपिअर मोजावे लागतात. बहुतेक घरगुती मदरबोर्डांवर पंख्याचं साधं हेडर १ अँपिअरचं असतं, म्हणजे १२ व्होल्टवर १२ वॉट. काही बोर्डांवर पंपासाठी वेगळं, २ किंवा ३ अँपिअरचं हेडर दिलेलं असतं. पण हा आकडा अंदाजाने धरायचा नाही. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये हेडरच्या आकृतीशेजारी किंवा शेवटच्या तक्त्यात तो छापलेला असतो. मॅन्युअल हाताशी नसेल तर कंपनीच्या साइटवरून पीडीएफ उतरवून घ्या. तिथेही आकडा सापडला नाही तर १ अँपिअरच धरून चला.

आता पंख्याचं लेबल बघा. मोटरच्या मागच्या गोल स्टिकरवर ‘१२ व्होल्ट, ०.१८ अँपिअर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. १२० मिमीच्या पंख्यांमध्ये हा आकडा खूप बदलतो. नॉक्टुआच्या एनएफ-एफ१२ पीडब्ल्यूएमवर ०.०५ अँपिअर आहे, त्याच कंपनीच्या एनएफ-ए१२एक्स२५वर ०.१४. स्वस्तातल्या, दिवे असलेल्या पंख्यांवर ०.२५ ते ०.३५सुद्धा दिसतो. म्हणून ‘तीनपर्यंत चालतात’ हा दुकानातला सल्ला एका पंख्याला बरोबर असतो आणि दुसऱ्याला चूक.

तुमचे पाचही पंखे ०.१८चे आहेत असं धरू. पाच गुणिले ०.१८ म्हणजे ०.९ अँपिअर. कागदावर सगळे एकाच हेडरवर बसतात, पण तसं करू नका. थांबलेला पंखा सुरू होताना क्षणभर लेबलपेक्षा जास्त, कधी दुप्पट-तिप्पट करंट ओढतो, आणि संगणक चालू करताना पाचही पंखे एकाच वेळी सुटतात. धुळीने जड झालेली पाती किंवा सुकलेलं बेअरिंग असेल तर चालू स्थितीतला करंटही वाढतो. बेरीज हेडरच्या आकड्याच्या ७० टक्क्यांच्या आत राहील असं बघा. तुमच्याकडे दोन हेडर आहेतच, तर एकावर तीन आणि दुसऱ्यावर दोन पंखे जोडा. ०.५४ आणि ०.३६ अँपिअर, म्हणजे बोर्डाला घाम फुटायचं कारण नाही. पुढच्या जाळीचे तीन एका हेडरवर आणि मागचा व वरचा दुसऱ्यावर घेतले तर आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा वेगवेगळी नियंत्रितही करता येते.

स्प्लिटर घेताना एक गोष्ट तपासा. त्याच्या एकाच टोकाला सगळ्या तारा असाव्यात आणि बाकीच्या टोकांना वेग सांगणारी तार नसावी. तीन पिनांच्या टोकात दोनच तारा दिसल्या म्हणून माल खराब समजू नका, तोच बरोबर आहे. पंखा प्रत्येक फेऱ्याला दोन स्पंदनं पाठवतो. मिनिटाला १२०० फेऱ्या असतील तर सेकंदाला ४० स्पंदनं होतात. दोन पंख्यांच्या या तारा एकत्र जोडल्या की स्पंदनं एकमेकांत मिसळतात आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) वेग कधी दुप्पट, कधी शून्य दिसतो. पंख्याचं त्यात काही बिघडत नाही, पण वेग वाचणारी यंत्रणा निरुपयोगी होते. या व्यवस्थेत ज्या पंख्याची तार जोडलेली नाही तो बंद पडला तरी बोर्डाला कळणार नाही. म्हणून साफसफाई करताना प्रत्येक पंखा फिरतोय ना, हे डोळ्यांनी बघावं.

प्रश्न (नागपूर) : जुन्या कॅबिनेटमधला तीन पिनांचा पंखा नव्या बोर्डाच्या चार पिनांच्या हेडरला जोडला. चालतो, पण कायम पूर्ण वेगात. कान किटतात. पंखा बदलावा लागेल का?

उत्तर : नाही. बायोसमध्ये एक पर्याय बदलायचा आहे.

चार पिनांचा क्रम असा : पहिली पिन निगेटिव्ह, दुसरी १२ व्होल्ट, तिसरी वेग सांगणारी, चौथी वेग ठरवणारी. चार तारांच्या पंख्याला दुसऱ्या पिनेवर सतत पूर्ण १२ व्होल्ट मिळतात आणि चौथ्या पिनेवरून सुमारे २५ किलोहर्ट्झचा चालू-बंद होणारा संकेत येतो. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. त्यातला ‘चालू’चा वाटा किती, त्यावर पंख्याच्या आतलं सर्किट वेग ठरवतं. तुमच्या पंख्याला ही चौथी तारच नाही. बोर्ड चौथ्या पिनेवर ‘हळू’ म्हणत असतो, पण पंख्यापर्यंत ते पोचत नाही, आणि दुसऱ्या पिनेवर १२ व्होल्ट तर पूर्ण आहेतच.

तीन तारांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी करूनच कमी होतो. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. पंख्यांचा भाग असूसमध्ये ‘क्यू-फॅन’, गिगाबाइटमध्ये ‘स्मार्ट फॅन’ आणि एमएसआयमध्ये ‘हार्डवेअर मॉनिटर’ या नावाने सापडेल. ज्या हेडरला पंखा जोडला आहे ते निवडा आणि ‘ऑटो’ किंवा ‘पीडब्ल्यूएम’ऐवजी ‘डीसी’ किंवा ‘व्होल्टेज’ करा. काही जुन्या बोर्डांवर चार पिना असूनही ही सोय फक्त कॅबिनेटच्या हेडरला असते, सीपीयूच्या नाही. तसं असेल तर पंखा दुसऱ्या हेडरवर हलवा.

मग किती तापमानाला किती वेग, हा आलेख लावा. खालची मर्यादा फार खाली नेऊ नका. बरेच पंखे ५ व्होल्टवर फिरत राहतात, पण थांबलेल्या अवस्थेतून त्याच व्होल्टेजवर सुरू होत नाहीत. नुसते थरथरतात. ५० टक्के, म्हणजे सुमारे ६ व्होल्टपासून सुरुवात करा, संगणक बंद-चालू करून पंखा दर वेळी सुटतो का ते बघा, मग पाच-पाच टक्क्यांनी खाली या. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या पुढे जाते. त्यामुळे ‘४० अंशांना किमान वेग’ हा तयार आलेख तुमच्याकडे कधी किमान वेगावर येणारच नाही. सीपीयूचं तापमान आधार धरून ५५ अंशांपर्यंत ५० टक्के, ७० अंशांना ७५ टक्के आणि ८० अंशांना पूर्ण, असा ठेवलात तर आवाज आणि गारवा दोन्ही जमतील.

उलट प्रकारही विचारला जातो. चार तारांचा पंखा तीन पिनांच्या हेडरला चालतो. चौथी तार मोकळी राहिली की पंखा पूर्ण वेगात जातो आणि बोर्ड व्होल्टेज कमी करू शकत असेल तर त्याप्रमाणे मंदावतो. कनेक्टर बसवताना हेडरच्या मागची प्लॅस्टिकची जीभ पहिल्या तीन पिनांमागे असते. कनेक्टरच्या कडा त्या जिभेवर बसवा. कनेक्टरचं चौथं भोक बाहेर राहील, तेच बरोबर.

प्रश्न (कोल्हापूर) : पंख्याचा कनेक्टर तुटला आहे. नवा लावताना तारांचे रंग कसे ओळखायचे?

उत्तर : रंगांवर विश्वास टाकू नका. तीन तारांच्या पंख्यात अनेकदा काळी निगेटिव्ह, लाल १२ व्होल्ट आणि पिवळी वेगाची असते. चार तारांच्या पंख्यात काळी निगेटिव्ह, पिवळी १२ व्होल्ट, हिरवी वेगाची आणि निळी नियंत्रणाची. म्हणजे पिवळी तार एकीकडे वीज देणारी आणि दुसरीकडे फक्त सांगणारी. भरीला हल्ली बऱ्याच पंख्यांच्या सगळ्याच तारा काळ्या असतात.

जुना कनेक्टर फेकण्याआधी त्याचा फोटो काढा आणि तार कुठल्या खाचेत होती ते लिहून ठेवा. क्रिंप करायच्या (चिमट्याने तारेवर दाबून बसवायच्या) टर्मिनलचं अंतर २.५४ मिमी असतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हे मिळतं. जोड सोल्डर करून प्रत्येक तारेवर वेगळी हीट श्रिंक नळी चढवा. नुसती चिकटपट्टी उष्णतेने सुटते. सर्वांत घातक चूक म्हणजे चौथ्या पिनेवर १२ व्होल्ट येणं. तो संकेत ५ व्होल्टचा असतो आणि थेट नियंत्रण करणाऱ्या चिपकडून येतो. ती चिप गेली तर फक्त एका पंख्याचं नियंत्रण जाईल असं नाही.

प्रश्न (ठाणे) : जुन्या बाजारातून सर्व्हरचा जाडजूड पंखा आणला, लेबलवर १२ व्होल्ट २.७ अँपिअर आहे. बोर्डाला जोडला, दोन सेकंद विमानासारखा ओरडला आणि थांबला. आता त्या हेडरवर दुसरा पंखाही चालत नाही. बोर्ड गेला का?

उत्तर : बोर्ड गेलेला दिसत नाही, हेडर गेलं असावं. तेही कायमचं गेलं आहे की नाही, हे तपासल्याशिवाय ठरवू नका.

काही बोर्डांवर हेडरच्या वाटेत स्वतः पूर्ववत होणारा फ्यूज किंवा करंट मर्यादित करणारी चिप असते. संगणक बंद करा, एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) मागची कळ बंद करून वायर काढा आणि अर्धा तास तसाच ठेवा. मग चांगला, कमी करंटचा पंखा त्या हेडरला जोडून बघा. फिरला तर सुटलात.

फिरला नाही तर मल्टिमीटरने मोजा. मीटरचे टोक थेट हेडरच्या पिनांवर टेकवू नका. दोन पिनांमध्ये अडीच मिलिमीटरचंही अंतर नसतं, आणि टोक घसरलं की १२ व्होल्ट शॉर्ट होतात. पंख्याची एक्स्टेन्शन वायर हेडरला लावा आणि तिच्या दुसऱ्या टोकाला मोजा. आधी बायोसमध्ये ते हेडर पीडब्ल्यूएमवर ठेवा, म्हणजे व्होल्टेज बदलत राहणार नाही. पहिल्या आणि दुसऱ्या पिनेमध्ये ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळाले तर वीज येते आहे आणि दोष दुसरीकडे आहे. शून्य आलं, किंवा पंखा जोडताच व्होल्टेज कोसळलं, तर फ्यूज, मॉस्फेट (वीज सोडणारा-अडवणारा भाग) किंवा तांब्याची रेघ जळली आहे. हेडरजवळ काळा डाग दिसतो का, तेही भिंगाने बघा. एसएमडीचं (बोर्डावरच्या बारीक भागांचं) काम करणारा चांगला कारागीर हे बदलून देईल, पण बाकी हेडर ठीक असतील तर एवढ्यासाठी बोर्ड सोडवून नेण्यात अर्थ नाही. सॅटावर (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या जोडणीवर) चालणारा हब, म्हणजे अनेक पंखे जोडायची पट्टी, घेऊन त्याची संकेताची वायर दुसऱ्या हेडरला जोडा.

तो पंखा वापरायचाच असेल तर वीज एसएमपीएसच्या चार पिनांच्या मोठ्या मोलेक्सवरून घ्या : पिवळी १२ व्होल्ट, शेजारची काळी निगेटिव्ह. बोर्डावरून फक्त वेगाची आणि नियंत्रणाची तार आणा. मात्र सर्व्हरच्या पंख्यांच्या तारांचा क्रम घरगुती पंख्यांसारखाच असेल असं नाही. त्या मॉडेलची डेटाशीट मिळाल्याशिवाय जोडू नका. आमचं स्पष्ट मत विचाराल तर, घरातल्या संगणकाला असा पंखा नको. आवाज सोसवत नाही आणि पात्यात बोट गेलं तर रक्त निघतं.

प्रश्न (पुणे) : सॅटावर चालणारा दहा पोर्टचा हब घेतला. सगळे पंखे पूर्ण वेगात चालतात आणि बायोसमध्ये वेग शून्य दिसतो. हब खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. तीन गोष्टी क्रमाने बघा.

पहिली, हबपासून बोर्डाला जाणारी वायर खरंच जोडली आहे ना. ती नसेल तर नियंत्रणाचा संकेतच येत नाही आणि संकेत नसला की पंखा पूर्ण वेग घेतो. तशीच त्याची रचना असते.

दुसरी, बायोसमध्ये ते हेडर ‘ऑटो’वर असेल तर ‘पीडब्ल्यूएम’ करा. हब बोर्डाकडून वीज जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे आपोआप ओळखणारा बोर्ड गोंधळतो आणि डीसी पद्धत धरतो. सत्तर टक्के तक्रारी इथेच मिटतात असं म्हणण्याइतका हा दोष नेहमीचा आहे, निदान आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत तरी.

तिसरी, हबच्या एकाच पोर्टची वेगाची तार बोर्डापर्यंत जाते. त्यावर ‘१’ किंवा ‘सीपीयू’ लिहिलेलं असतं, कधी रंग वेगळा असतो. तो पोर्ट रिकामा असेल तर शून्यच दिसणार. तिथे एक पंखा लावा. तीन तारांचे पंखे मात्र अशा हबवर मंदावणार नाहीत, कारण हब त्यांना थेट १२ व्होल्ट देतो. ते बोर्डाच्या हेडरवरच ठेवा.

विजेचं गणित : सॅटाच्या जोडणीत १२ व्होल्टसाठी तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे कागदावर साडेचार. ०.२ अँपिअरचे दहा पंखे २ अँपिअर घेतील, ते ठीक. पण त्याच सॅटाच्या तारेवर दिव्यांची पट्टी, पंप आणि दोन हार्ड डिस्क टांगू नका. आणि मोलेक्सवरून सॅटा करणारे, तारांभोवती प्लॅस्टिक ओतून बनवलेले स्वस्त जोड टाळा. त्यांत तारा आतल्या आत सरकून एकमेकींना चिकटतात आणि जोड वितळल्याच्या, पेटल्याच्या तक्रारी जगभर आहेत. ज्यात प्रत्येक तार वेगळी आत जाताना दिसते आणि मागचं झाकण उघडता येतं, तसा जोड घ्या.

प्रश्न (नाशिक) : मोलेक्सच्या पिवळ्या आणि लाल तारेत पंखा जोडला की ७ व्होल्ट मिळतात आणि आवाज बंद होतो असं ऐकलं. करू का?

उत्तर : करू नका. १२ उणे ५ म्हणजे ७, हे गणित बरोबर आहे. पण पंख्यातून निघालेला करंट निगेटिव्हला न जाता ५ व्होल्टच्या वाटेत शिरतो. ती वाट वीज देण्यासाठी आहे, घेण्यासाठी नाही. जुन्या संगणकात ५ व्होल्टवर बराच भार असायचा, तो हा करंट गिळून टाकायचा. आजच्या संगणकात जवळपास सगळं १२ व्होल्टवर चालतं. हार्ड डिस्क नसेल आणि फक्त एम.२ एसएसडी असेल तर ५ व्होल्टवर भार उरतोच किती? मग तिथलं व्होल्टेज वर सरकू शकतं. पंखा आतून शॉर्ट झाला तर ५ व्होल्टच्या वाटेवर थेट १२ व्होल्ट येतात आणि यूएसबीला लावलेलं सगळं त्या माऱ्यात सापडतं. शिवाय पिना बदललेल्या मोलेक्सवर पुढे कुणी नकळत डिस्क लावली की ती गेलीच.

बोर्डावर डीसी पद्धत असेल तर तीच वापरा. नसेल तर १२ व्होल्टच्या तारेत एक रेझिस्टर घाला. ०.१५ अँपिअरच्या पंख्याला २७ ओहम लावला तर पंख्यापर्यंत साधारण ९ व्होल्ट पोचतात. रेझिस्टर २ वॉटचा घ्या. चालताना अर्ध्या वॉटच्या आतच तापतो, पण पंखा अडकला तर जास्त. तो तारांना किंवा प्लॅस्टिकला टेकू देऊ नका.

प्रश्न (मडगाव) : हार्ड डिस्कच्या वेगळ्या खोक्यासाठी पंखा लावायचा आहे. सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर पडून आहे. तो चालेल का? वेग संगणकाकडून ठरवता येईल का?

उत्तर : दोन्ही होईल. अडॅप्टरच्या पिनेचा आतला भाग पॉझिटिव्ह आहे ना ते मीटरने तपासा, छापील चिन्हावर भागवू नका. पॉझिटिव्ह पंख्याच्या दुसऱ्या तारेला, निगेटिव्ह पहिल्या तारेला. चौथी तार मोकळी ठेवली तर पूर्ण वेग.

वेग संगणकाकडून हवा असेल तर बोर्डाच्या हेडरवरून तीन तारा आणा : पहिली, तिसरी आणि चौथी. पहिली, म्हणजे निगेटिव्ह, अडॅप्टरच्या निगेटिव्हला जोडलीच पाहिजे. ती नसेल तर संकेताला आधार राहत नाही आणि पंखा मनमानी करतो. दुसरी तार मात्र कापून टोक झाकून टाका. ती जोडली तर अडॅप्टर आणि बोर्ड हे विजेचे दोन स्रोत समांतर येतात, आणि संगणक बंद असताना अडॅप्टरची वीज उलटी बोर्डात शिरते.

इन्व्हर्टरच्या बॅटरीवर थेट जोडण्याचा विचारही तुम्ही पत्रात लिहिला आहे. चार्जिंगच्या वेळी ती बॅटरी १४ व्होल्टच्या पुढे जाते आणि बऱ्याच पंख्यांची वरची मर्यादा १३.२ आहे. अडॅप्टरच बरा.

प्रश्न (अमरावती) : दिव्यांच्या पंख्याला दोन वायरी आहेत. दिव्यांची वायर बोर्डाच्या चार पिनांच्या आरजीबी हेडरला बसवली आणि दिवे विझले. पंखा फिरतो.

उत्तर : दिवे गेले, ते ५ व्होल्टचे असावेत. चार पिनांचं आरजीबी हेडर १२ व्होल्टचं, तीन पिनांचं एआरजीबी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलणारं) ५ व्होल्टचं. तीन पिनांच्या कनेक्टरमध्ये एक जागा बुजवलेली असते, पण जोर लावला की तो चुकीच्या जागीही बसतो. पंखा वापरत राहा, दिव्यांची वायर मात्र काढून ठेवा. पुढच्या वेळी हेडरशेजारी ५ व्होल्ट छापलंय का ते बघूनच जोडा.

प्रश्न (चिंचवड) : ब्लोअरने धूळ काढताना पंखे जोरात फिरतात. त्याने बोर्डाला काही होतं का?

उत्तर : फिरवलेली मोटर उलट वीज तयार करते, ती हेडरपर्यंत जाऊ शकते. त्याहून मोठा धोका बेअरिंगला, कारण पंखा त्याच्या वेगमर्यादेच्या कितीतरी पुढे जातो. पात्यात काडी किंवा बोट अडकवून धरा आणि मग हवा मारा. कनेक्टर काढून ठेवलात तर अधिक चांगलं.

प्रश्न (बेळगाव) : लिक्विड कूलर बसवल्यापासून सुरू होताना ‘सीपीयू फॅन एरर’ येतं आणि एफ१ दाबावं लागतं. मित्र म्हणतो बायोसमध्ये ‘इग्नोर’ करून टाक.

उत्तर : सीपीयू_फॅन या हेडरवर वेगाची स्पंदनं येत नाहीत, एवढंच बोर्ड सांगतो आहे. पंप बोर्डाच्या पंप हेडरवर असेल तर तिथे वेग १०० टक्के ठेवा आणि रेडिएटरचे पंखे स्प्लिटरने सीपीयू_फॅनला जोडा. पंख्यांच्या अँपिअरची बेरीज आधी करून बघा. पंप हेडरच नसेल तर पंपाची वायर सीपीयू_फॅनला द्या, वेग तिथेही पूर्ण ठेवा आणि रेडिएटरचे पंखे कॅबिनेटच्या हेडरवर न्या. काही पंपांना वीज सॅटावरून मिळते आणि बोर्डाला फक्त वेगाची एक तार येते. ती असेल तर तीच सीपीयू_फॅनला लावा. ‘इग्नोर’ केलंत तर पंप खरोखर बंद पडेल त्या दिवशीही संगणक काही न बोलता सुरू होईल.